रेडिएटरची हवा काढली की बॉयलरचं प्रेशर पडतं, भरलं की चार दिवसांत परत खाली, नक्की काय चुकतंय?

वरचा_मजला

मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. जरा सविस्तर लिहितो कारण कुठे चुकलं तेच मला कळत नाहीये.

आम्ही या घरात राहायला आलो तेव्हा उन्हाळा होता त्यामुळे हीटिंगकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही. आता थंडी पडल्यावर चालू केलं तर वरच्या कोपऱ्यातली खोली गरमच होईना, आणि नेमके त्या खोलीत बाबा झोपतात, त्यांना गारठा अजिबात सोसत नाही, रात्री दोन-दोन पांघरुणं घेऊनही पाय गार. घर दोन मजली आहे, एकूण नऊ रेडिएटर, खाली भिंतीवर कॉम्बी बॉयलर, म्हणजे गरम पाण्याची वेगळी टाकी नाही, नळाचं पाणी आणि रेडिएटर दोन्ही त्याच्यावरच.

बाबांच्या खोलीतल्या रेडिएटरला हात लावून बघितला तर खाली इतका तापलेला की हात ठेववत नाही, आणि बरोबर मधोमध कोणी पट्टीने रेघ मारावी तशी रेघ, तिच्यावर सगळा गार. वरचा भाग गार म्हणजे आत हवा साठली आहे एवढं वाचून माहीत होतं, म्हणून ती छोटी चौकोनी भोकाची चावी आणली आणि वरच्या कोपऱ्यातला स्क्रू फिरवला. हीटिंग चालूच होतं. मिनिटभर नुसतं फुस्स्स झालं, मग थुंकल्यासारखं काळं पाणी उडालं, भिंतीवर आणि पडद्यावर डाग पडले ते अजून गेलेले नाहीत. पण रेडिएटर वरपर्यंत तापला, मला वाटलं झालं काम.

संध्याकाळी बॉयलर बंद. गेज बघितलं तर ०.४. मग बॉयलरच्या खाली ती जाळीची चंदेरी नळी असते ना, तिचे व्हॉल्व्ह उघडले, पाणी आत गेल्याचा आवाज आला आणि मी बंद करेपर्यंत काटा २.२ वर. रात्री हीटिंग चालू असताना बघितलं तर तीनच्या जवळ, सकाळी उठून बघितलं तर ०.६. तेव्हापासून तीन-चार दिवसांनी हेच चाललंय, भरायचं, दोन दिवस बरं, परत खाली. आणि बाबांच्या रेडिएटरमध्ये परत हवा! आता ब्लीड करायला, म्हणजे हवा काढायला पण भीती वाटते कारण केलं की प्रेशर अजून पडणार. ब्लीड करताना माझं काही चुकलं का, की कुठे गळती आहे, की बॉयलरच खराब आहे? प्रेशर नक्की किती असायला हवं, गार असताना की गरम असताना?

खिडकीतली_थंडी

पहिली गोष्ट, हीटिंग चालू असताना ब्लीड करू नका हो. पाणी ६०-७० अंशांचं असतं, हातावर उडालं तर चांगलंच भाजेल. बंद करून तास-दीड तास थांबायचं, रेडिएटर कोमट झाले की मगच चावी लावायची. बाकीचं जाणकार सांगतीलच, पण हे आधी लिहावंसं वाटलं कारण माझ्या बहिणीचं मनगट असंच भाजलं होतं.

गेज_बघा

वरचा_मजला, तुमचं वर्णन छान आहे, त्यातच अर्धं उत्तर आहे. सावकाश सांगतो.

आधी ब्लीड केल्यावर प्रेशर का पडलं ते. ती काही चूक नाही, तसंच होतं. रेडिएटरच्या वरच्या अर्ध्या भागात हवा होती म्हणजे तेवढ्या पाण्याची जागा हवेने अडवली होती, रेडिएटर मोठा असेल तर दोन-तीन लिटरसुद्धा. हवा बाहेर सोडलीत, तिच्या जागी बाकीच्या पाइपांतलं पाणी सरकलं, पण बंद सिस्टिममध्ये बाहेरून नवीन पाणी आपोआप येत नाही, मग प्रेशर पडणारच. म्हणून ब्लीड करणं आणि प्रेशर भरणं हे एकच काम धरायचं, पहिलं केलं की दुसरं आलंच.

आता प्रेशर किती. सगळं पूर्ण गार असताना १ ते १.५ बार, घरगुती सिस्टिमला हे पुरतं. गरम झाल्यावर दीडच्या आसपास, फार तर दोनपर्यंत जाईल. तुमच्या बॉयलरच्या पुस्तकात वेगळा आकडा दिला असेल तर तो खरा. बऱ्याच गेजवर हिरवा पट्टा असतो आणि ३ ला लाल खूण असते, कारण ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर फेकतो. खालच्या बाजूला, साधारण अर्ध्या बारच्या आसपास आलं की बरेच बॉयलर स्वतःहून बंद पडतात, तुमचा ०.४ ला पडला तो त्यामुळेच.

हा एक बार कशासाठी लागतो हे कळलं की बाकीचं सोपं होतं. १० मीटर उंच पाण्याचा खांब म्हणजे साधारण १ बार. बॉयलर खाली आहे आणि बाबांच्या खोलीतला रेडिएटर त्याच्यापेक्षा समजा अडीच मीटर वर, म्हणजे पाणी तिथपर्यंत नुसतं उभं राहायलाच पाव बार हवा. खाली गेज ०.४ दाखवतंय तेव्हा वर जेमतेम ०.१५ उरतो. आणि गेज शून्यावर असताना तुम्ही वरच्या रेडिएटरचा स्क्रू उघडलात तर हवा बाहेर यायच्या ऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाईल. बरेच जण इथेच फसतात, आधी प्रेशर बघत नाहीत, चावी फिरवतात, फुस्स ऐकू येतं, त्यांना वाटतं हवा निघतेय, ती आत चाललेली असते!

तर पुढच्या वेळी असं करा. हीटिंग बंद, पंप थांबलेला, सगळं गार होऊ द्या. गेज दीडच्या जवळ आणून ठेवा. मग खालच्या मजल्यापासून सुरुवात, बॉयलरच्या जवळचा आधी, आणि वरचा सगळ्यात लांबचा शेवटी. प्रत्येकाखाली जुना टॉवेल पसरायचा, एक वाटी स्क्रूच्या खाली धरायची आणि चावीभोवतीच फडकं गुंडाळायचं म्हणजे ते काळं पाणी भिंतीवर उडत नाही. स्क्रू घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा, फार तर अर्धा, त्याच्यापुढे नाही. पूर्ण फिरवून स्क्रू हातात आला तर पाण्याच्या जोरावर तो परत बसवणं महाकठीण, खोलीभर पाणी होतं. आधी सलग फुस्स, मग फुसफुस अडखळत येते, मग थेंब, मग बारीक सलग धार. सलग धार दिसली की लगेच बंद, मध्येच थुंकत असेल तर अजून दोन सेकंद थांबा. बंद करताना चावी आवळून पिळू नका, पितळेचा बारीक स्क्रू असतो, त्याची चौकोनी टोकं गोल झाली की मग चावी धरतच नाही.

मधून मधून जाऊन गेज बघत राहा, एकच्या खाली आलं तर थांबून भरा आणि मग पुढच्या रेडिएटरकडे वळा.

भरताना तुमचं जे २.२ वर गेलं ते घाईमुळे. नळीच्या दोन्ही टोकांना व्हॉल्व्ह असतात, एक आधी पूर्ण उघडायचा, आणि दुसऱ्याने अगदी थोडं थोडं पाणी सोडायचं, डोळा गेजवर. काटा सव्वावर आला की दुसरा बंद, मग पहिला बंद. काही बॉयलरना नळीऐवजी आतच एक चावी किंवा खटका असतो, तुमची नळी आहे म्हणजे वेगळी आहे. जास्त भरलं गेलंच तर घाबरायचं नाही, एखादा रेडिएटर ब्लीड करून वाटीभर-दोन वाट्या पाणी काढलं की काटा खाली येतो.

पण तीन-चार दिवसांनी परत पडणं आणि गरम असताना तीनपर्यंत जाणं, हे ब्लीडिंगमुळे नाही. त्याचं कारण वेगळं आहे आणि ते शोधायला हवं. दोन गोष्टी करून सांगा, गार असताना १.२ भरा, हीटिंग चालू करा आणि तासाभराने गेज किती आहे ते लिहा. आणि घराच्या बाहेर, बॉयलरच्या मागच्या भिंतीतून एक बारीक तांब्याचा पाइप खाली वाकून आलेला असेल, तो ओला आहे का बघा.

सात_पायऱ्या

आमच्याकडे पण असंच व्हायचं, मी तो फिलिंगचा व्हॉल्व्ह किंचित उघडाच ठेवलाय, अगदी केसभर. प्रेशर कायम दीडवर राहतं, दोन वर्षं झाली काही त्रास नाही. रोज रोज कोण भरत बसणार.

गेज_बघा

सात_पायऱ्या, राग मानू नका, पण आज घरी गेल्यावर तो व्हॉल्व्ह आधी बंद करा. कळकळीने सांगतोय.

मेनलाइनचं प्रेशर बहुतेक ठिकाणी हीटिंगपेक्षा बरंच जास्त असतं. व्हॉल्व्ह उघडा असेल आणि तरीही काटा दीडवरच थांबत असेल तर त्याचा अर्थ जेवढं पाणी आत येतंय तेवढंच कुठून तरी बाहेर चाललंय. म्हणजे तुमच्याकडे गळती आहे आणि उघड्या व्हॉल्व्हमुळे ती तुम्हाला दिसत नाहीये, एवढाच फरक. ते पाणी फरशीखाली जिरत असेल, लाकडात जिरत असेल, कुठे ते देव जाणे.

दुसरं, नवीन पाण्यात प्राणवायू विरघळलेला असतो. सिस्टिममधलं जुनं पाणी एकदा तापून, त्यातला प्राणवायू लोखंडाने खाऊन संपला की ते शांत होतं, गंज जवळजवळ थांबतो. पण रोज थोडं थोडं ताजं पाणी येत राहिलं तर रेडिएटर आतून रोज थोडा थोडा गंजतो, त्या गंजाचा काळा बारीक गाळ होतो, मॅग्नेटाइट म्हणतात त्याला, तो रेडिएटरच्या तळाशी बसतो, पंपात जातो, बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये अडकतो. पाणी जड असेल तर वर क्षारांचा थर वेगळाच. दोन वर्षं काही झालं नाही असं दिसतंय कारण हे आत चाललंय.

आणि तिसरं म्हणजे हीटिंगचं पाणी घाण असतं, त्यात केमिकल असतं, ते पिण्याच्या पाण्याच्या लाइनला जोडलेलं राहू नये म्हणूनच त्या नळीत उलटं पाणी न जाऊ देणारा व्हॉल्व्ह दिलेला असतो, आणि काम झालं की नळी सोडवून दोन्ही तोंडांना टोप्या लावून ठेवायच्या असतात. नळी कायम जोडून ठेवू नका कोणीच.

सात_पायऱ्या

गळती असेल हे डोक्यातच आलं नव्हतं. बंद केलाय आत्ताच. उद्या काटा कुठे येतो ते बघतो, पडला तर वेगळा धागा काढतो, इथे यांचा विषय नको भरकटायला. धन्यवाद.

वरचा_मजला

गेज_बघा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. सकाळी सगळं गार असताना १.२ भरलं, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून नळी काढून ठेवली. हीटिंग चालू केलं, वीस मिनिटांत १.९, चाळीस मिनिटांत २.५, आणि तासाभराने २.९ आणि काटा थरथरत होता. मग धावत बाहेर गेलो तर तो पाइप, जो मी आजपर्यंत बघितलाच नव्हता, त्यातून टप टप गरम पाणी पडत होतं, खालची फरशी पांढरी झालेली, म्हणजे बरेच दिवस पडत असणार. रात्री हीटिंग बंद केल्यावर त्या पाइपच्या तोंडाला एक प्लास्टिकची पिशवी रबर बँडने बांधून ठेवली, सकाळी बघितलं तर त्यात कपभर पाणी, आणि आत गेज ०.५. म्हणजे हीटिंग बंद असतानाही गळतंय.

घरात सगळीकडे फिरून रेडिएटरचे व्हॉल्व्ह, जोड, सगळं कोरड्या टिश्यूने पुसून बघितलं, टिश्यू कुठेही ओला झाला नाही. छतावर डाग नाहीत. म्हणजे पाणी फक्त त्या पाइपमधूनच चाललंय ना? बॉयलर बदलावा लागेल का, हे कृपया सांगा, घरी सगळे काळजीत आहेत.

पाना_बारा

मी हेच काम करतो, बरीच वर्षं झाली. बॉयलर बदलायची काहीही गरज नाही, आणि कोणी पहिल्या भेटीत बदला म्हणालं तर त्याला आधी एक्स्पान्शन व्हेसल तपासायला सांगा.

तुम्ही जे आकडे लिहिलेत ना, १.२ वरून २.९, त्यावरून जवळजवळ खात्रीने सांगतो, व्हेसलमधली हवा संपलेली आहे. व्हेसल म्हणजे बॉयलरच्या आत मागच्या बाजूला एक चपटा लोखंडी डबा असतो तो, बहुतेक वेळा लाल किंवा राखाडी. त्याच्या आत रबराचा पडदा, पडद्याच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हीटिंगचं पाणी. पाणी तापलं की फुगतं, १० अंशांवरून ७० अंशांवर नेलं तर १०० लिटरचं सव्वादोन लिटर जास्त होतं. नऊ रेडिएटर म्हणजे तुमचं पाणी साधारण तेवढंच धरा. हे वाढलेले दोन लिटर जाणार कुठे, पाणी तर दाबलं जात नाही, मग ते त्या डब्यात शिरतं आणि पडद्यापलीकडची हवा दबते, गार झालं की हवा पडदा परत ढकलते आणि पाणी परत पाइपांत. व्हेसल चांगला असला की गेज सव्वावरून दीड-पावणेदोनपर्यंत जातं, बस.

पण वर्षानुवर्षं ती हवा रबरातून हळूहळू झिरपून जाते. तिला दरवर्षी तपासायचं असतं पण कोणी तपासत नाही. हवा संपली की डबा पाण्यानेच भरतो, आता वाढलेल्या पाण्याला जागाच नाही, प्रेशर सरळ ३ वर, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो, दीड-दोन लिटर बाहेर. रात्री गार झालं, तेवढं पाणी कमी, सकाळी गेज ०.५. तुम्ही परत भरता, ते परत बाहेर फेकतं. प्रत्येक वेळी भरून तुम्ही फक्त बाहेरच्या पाइपला पाणी पुरवत होतात.

आणि तुमची पिशवीची युक्ती फार कामाची आहे, कारण तिने दुसरी गोष्टही दाखवली. हीटिंग बंद असतानाही गळतंय म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. तो एकदा उघडला की गाळाचा एखादा कण त्याच्या बैठकीत अडकतो आणि मग तो थेंब थेंब सोडतच राहतो. म्हणून नुसती हवा भरून चालणार नाही, व्हॉल्व्ह पण बदलायचा, दोन्ही एकाच खेपेत. आम्हाला कितीदा असं बोलावणं येतं की हवा भरून दिली, महिनाभर ठीक, परत प्रेशर पडतंय, आणि जाऊन बघावं तर जुना व्हॉल्व्ह टपकतोय.

व्हेसलला गाडीच्या टायरला असतो तसाच व्हॉल्व्ह असतो. त्याची पिन दाबल्यावर पाणी आलं तर पडदा फाटलाय, डबाच बदलायचा. काहीच आलं नाही किंवा किंचित हवा आली तर नुसती हवा गेलीय, भरता येते. भरताना मात्र हीटिंगचं पाणी सोडून प्रेशर शून्य करायचं आणि पाणी सोडायचा नळ उघडाच ठेवायचा, नाहीतर पंपाचं गेज पाण्याचाच दाब दाखवतं आणि वाटतं हवा आहे. किती भरायची ते डब्याच्या लेबलवर असतं, ०.७५ ते १ बार बहुतेक. डबा मागे अशा जागी असेल की काढायला अर्धा बॉयलर उतरवावा लागेल, तर परतीच्या पाइपवर बाहेर वेगळा व्हेसल बसवता येतो, तोही तितकाच चांगला चालतो.

हे तुम्ही स्वतः करू नका. ब्लीड करणं, पाणी भरणं, बाहेरचा पाइप बघणं हे घरच्या माणसाचं काम, पण बॉयलरचं कव्हर उघडायचं म्हणजे गॅस आणि धुराच्या मार्गाशी संबंध येतो, परवाना असलेल्या माणसालाच बोलवा. येईपर्यंत गार असताना ०.८ ते १ एवढंच ठेवा आणि बॉयलरचं हीटिंगचं तापमान खाली करा, ५०-५५. पाणी कमी फुगेल, कमी बाहेर जाईल, बाबांची खोली तेवढ्यापुरती तरी गरम राहील.

खिडकीतली_थंडी

एक विचारू का, ज्यांच्या बाहेरच्या पाइपमधून काहीच येत नाही आणि गरम झाल्यावर प्रेशर पण फार वाढत नाही, तरी आठवड्याने काटा खाली असतो, त्यांनी काय समजायचं?

पाना_बारा

मग गळती पाइपांत किंवा रेडिएटरवर. व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी, रेडिएटरच्या दोन टोकांच्या जोडांपाशी बघा, पाणी गरम रेडिएटरवर लगेच सुकतं त्यामुळे ओलं दिसणार नाही, पण हिरवट किंवा पांढरी खरपुडी दिसेल, तीच खूण. काहीच सापडलं नाही तर रात्री बॉयलरखालचे हीटिंगचे दोन व्हॉल्व्ह, जाणारा आणि येणारा, बंद करून झोपायचं, बॉयलर अर्थातच बंद ठेवून. सकाळी गेज तेवढंच असेल तर गळती घरातल्या पाइपांत, पडलेलं असेल तर बॉयलरच्या आत. याने निम्मा शोध वाचतो. आणि कोणाचं प्रेशर हीटिंग बंद असताना आपोआप वर चढत असेल तर तिसराच प्रकार, भरायचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये किंवा कॉम्बीच्या आतल्या प्लेट हीट एक्स्चेंजरला छिद्र पडून नळाचं पाणी हीटिंगमध्ये शिरतंय.

काळा_गाळ

बाकी सगळं बरोबर लिहिलंय, पण वरचा_मजला यांच्या एका प्रश्नाचं उत्तर राहिलं, त्याच रेडिएटरमध्ये परत परत हवा का येते.

त्यांच्या बाबतीत मुख्य कारण ताजं पाणी. पातेल्यात पाणी तापत ठेवलं की उकळायच्या कितीतरी आधी तळाला बारीक बुडबुडे धरतात ना, ती पाण्यात विरघळलेली हवा. तीच बॉयलरमध्ये सुटते आणि सगळ्यात उंच जागा गाठते, म्हणजे बाबांचा रेडिएटर. चार दिवसांनी नवीन पाणी, चार दिवसांनी नवीन हवा. गळती थांबली की हे पण थांबेल, पण शेवटचं भरल्यावर आठवडाभराने एकदा परत ब्लीड करावं लागेल, त्यात काही वावगं नाही.

मात्र पाणी अजिबात न भरताही दर महिन्याला एकाच रेडिएटरमध्ये वायू साठत असेल तर तो हवा नसून हायड्रोजन असू शकतो. आत लोखंड गंजताना तयार होतो. म्हणून ब्लीड करताना जवळ मेणबत्ती, सिगरेट, लायटर काहीही नको आणि खिडकी उघडी ठेवा. अशा वेळी ब्लीड करत राहून उपयोग नाही, पाण्यात गंजरोधक घालायला हवं, इन्हिबिटर म्हणतात त्याला, साधारण एका घराला एक लिटरची बाटली, सिस्टिम मोठी असेल तर जास्त. तुमचं पाणी काळं आलं म्हणजे तुमच्याकडे तो संपलाय किंवा कधी घातलाच नव्हता, आणि इतकं नवीन पाणी भरलंय की असलेला पण विरळ झाला असणार. तो माणूस आला की इन्हिबिटर घालून घ्या आणि परतीच्या पाइपवर मॅग्नेटिक फिल्टर आहे का विचारा. मी आमचा फिल्टर पहिल्यांदा उघडला तेव्हा लोहचुंबकावर बोटभर जाड काळा चिखल होता, बोटाने पुसला तर शाईसारखा चिकटला, दोन दिवस नखांतून गेला नाही. ते सगळं बॉयलरमधून फिरत होतं!

एक फरक सगळ्यांनी लक्षात ठेवा कारण यात फार लोक गोंधळतात. वर गार आणि खाली गरम, तर हवा. खाली मधोमध गार आणि वर-कडेला गरम, तर गाळ, त्याला कितीही ब्लीड करा काही होणार नाही, रेडिएटर काढून धुवावा लागतो किंवा सगळी सिस्टिम फ्लश करावी लागते. आख्खा रेडिएटर गार आणि बाकीचे छान गरम, तर बहुतेक वेळा थर्मोस्टॅट व्हॉल्व्हची पिन खाली चिकटलेली असते, उन्हाळाभर बंद राहून. वरचं डोकं फिरवून काढायचं, आतली बारीक पिन बोटाने किंवा लाकडाच्या तुकड्याने हलकेच दाबायची, ती दोन-तीन मिलिमीटर खाली जाऊन उसळून वर आली पाहिजे. पकडीने ओढू नका, हातात येते आणि मग कारंजं.

तिसरा_जिना

आमच्या इमारतीत सगळ्यांचं हीटिंग एकत्र आहे, बॉयलर तळघरात, आमच्याकडे गेजच नाही. आम्ही ब्लीड करू शकतो का?

पाना_बारा

चावी लावायच्या आधी इमारतीची देखभाल करणाऱ्यांना विचारा. तुम्ही काढलेली हवा आणि पाणी त्यांना खालून भरून द्यावं लागतं, दहा घरांनी न सांगता ब्लीड केलं तर सगळ्यात वरच्या मजल्यावरच्यांचं हीटिंग बंद पडतं. ज्यांच्या घरी माळ्यावर छोटी उघडी टाकी असते त्यांनाही गेज नसतं, तिथे पाणी टाकीतून आपोआप येतं. तिथे ब्लीड करून हवा परत येत असेल तर आधी माळ्यावर चढून टाकीत पाणी आहे का बघायचं, बरेचदा तरंगता गोळा अडकून ती कोरडी पडलेली असते.

वरचा_मजला

उशिरा लिहितोय, पण मुद्दाम थांबलो होतो, काटा खरंच टिकतो का ते बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

परवानाधारक माणूस येऊन गेला. मी त्याला आल्या आल्याच आकडे दिले, गार १.२, तासाने २.९, सकाळी ०.५, आणि पिशवी दाखवली, तो म्हणाला मग शोधायला काही उरलंच नाही. कव्हर काढून व्हेसलची पिन दाबली, काहीच आलं नाही, ना हवा ना पाणी, म्हणजे पडदा शाबूत होता. सगळं पाणी सोडून, नळ उघडा ठेवून साध्या हातपंपाने १ बार हवा भरली, अगदी पाना_बारा यांनी लिहिलं होतं तसंच. थोडं थांबून परत मोजली, तेवढीच होती. सेफ्टी व्हॉल्व्ह बदलला, जुना मला दाखवला, त्याच्या रबराच्या चकतीवर एक काळा कण रुतून बसला होता, तांदळाच्या दाण्याच्या पाव भागाएवढा, त्याच्यासाठी आम्ही इतके दिवस हैराण. फिल्टर नव्हता तो बसवून घेतला, इन्हिबिटर घातला आणि १.२ वर भरून दिलं.

आज बारा दिवस झाले. गरम असताना १.६, सकाळी १.२. बाहेरच्या पाइपला पिशवी अजून बांधलेलीच आहे, कोरडी ठणठणीत. आठव्या दिवशी बाबांचा रेडिएटर ब्लीड केला, या वेळी सगळं गार करून, फडकं आणि वाटी घेऊन. दोन-तीन सेकंद फुस्स आणि लगेच पाणी, तेही आधीइतकं काळं नाही. त्यानंतर गेज १.१ झालं होतं, म्हणून नळी लावून अगदी थोडं भरलं आणि परत काढून ठेवली. बाबा काल रात्री एकच पांघरूण घेऊन झोपले.

गेज_बघा, पाना_बारा, काळा_गाळ, तिघांचेही मनापासून आभार. ही पिशवी आता काढू का?

पाना_बारा

वाचून बरं वाटलं. पिशवी काढा, त्या पाइपचं तोंड कधीही बांधलेलं किंवा बंद राहता कामा नये, तपासण्यापुरतंच ठीक. त्याऐवजी खालच्या फरशीवरचा तो पांढरा डाग घासून साफ करा, परत टपकलं तर नवीन डाग लगेच दिसेल. आणि पुढच्या सर्व्हिसला व्हेसलची हवा मोजायला आठवणीने सांगा.